शब्दचर्चा: फोटोचा 'आकार' बदलायचा की 'माप'? आणि 'शार्प'ला काय म्हणायचं?

तलावपाळी

नौपाड्यातल्या आमच्या बचत गटाच्या फराळाच्या, पापड-लोणच्यांच्या ऑर्डरी आता बहुतेक मोबाइलवरच येतात. फोटो कसे तयार करायचे याचं एक पानी टिपण मी मराठीत लिहून गटात वाटलं. पहिलंच वाक्य होतं, 'फोटोचा आकार बदलून रुंदी १२०० करा.' दुसऱ्या दिवशी एका काकूंचे फोटो आले. पापड लांबुळके, चकल्या अंड्यासारख्या, लोणच्याच्या बरणीला उंटाची मान. रुंदी १२०० केली होती आणि उंची होती तशीच ठेवली होती. फोन केला तर म्हणाल्या, "अगं, तूच लिहिलंस ना आकार बदला म्हणून? बदलला की!"

आता यावर मी काय बोलणार? तर पहिला प्रश्न हा, की 'रिसाइझ'ला नेमका शब्द कोणता. दुसरा प्रश्न 'शार्प'चा. मी 'फोटो धारदार ठेवा' असं लिहिलं होतं. त्यावरून गटात दोन दिवस विळी-कोयत्याचे विनोद चालू आहेत.

अर्धविराम

काकूंचं बरोबर आहे. 'आकार' म्हणजे आधी रूप, आकृती. गोल आकार, चौकोनी आकार, मूर्तीला आकार येणे. 'मोठ्या आकाराचं पातेलं' म्हणतो तेव्हा तोच शब्द लहानमोठेपणाही सांगतो, पण तिथे 'मोठ्या' हा शब्द सोबत असतो म्हणून निभावतं. नुसतं 'आकार बदला' म्हटलं की अर्थ रूपाकडेच जातो.

'आकारमान' सुचवणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो: शाळेच्या विज्ञानात तो शब्द लिटर आणि घनसेंटिमीटरसाठी कायमचा अडकून पडला आहे. सपाट फोटोला आकारमान कुठलं? 'माप' लिहा. शिंपी माप घेतो, चपलेचं माप असतं, खिडकीच्या काचेचं माप असतं. आणि वाक्यात 'आकार तोच ठेवून माप कमी करा' असं लिहिलंत, तर उंटाची मान होणार नाही.

खाडीकाठ

'माप'ही एकटं पुरत नाही, ताई. बँकेच्या परीक्षांच्या ऑनलाइन अर्जात 'फोटो २० ते ५० केबी' असं असतं. त्यालाही लोक साइजच म्हणतात. पुतणीचा अर्ज भरायला स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो होतो. तिथला मुलगा म्हणाला, "काका, वजन जास्त आहे, फोटो चढत नाहीये." मला तो शब्द फार आवडला. ठिपक्यांची (म्हणजे पिक्सेलची) रुंदी-उंची हे माप आणि केबी-एमबी हे वजन. माप तेच ठेवून वजन बदलता येतं. तोच १२०० बाय ९०० चा फोटो जेपेगमध्ये दर्जाचा आकडा खाली आणला की हलका होतो, वर नेला की जड. शिवाय कोऱ्या भिंतीचा फोटो हलका आणि पैठणीच्या पदराचा जड, माप सारखंच असलं तरी. बारकावे जितके जास्त तितकं वजन.

आणखी एक शब्द टिपणात असेल तर काढा: 'निम्मा'. 'फोटो निम्मा करा' म्हटलं आणि कोणी रुंदी निम्मी, उंचीही निम्मी केली, तर ठिपके निम्मे राहत नाहीत, पाव राहतात.

जुना कंपोझिटर

तिसरं माप विसरलात तुम्ही सगळे, कागदावरचं. छापखान्यात आयुष्य गेलं म्हणून सांगतो. आमच्याकडे गिऱ्हाईक फोटो आणायचं तेव्हा पहिला प्रश्न, किती इंचात छापायचा? इंचाला ३०० ठिपके धरले तर १२०० ठिपक्यांचा फोटो चार इंच छापून होतो. त्याहून मोठा केला की फुटतो. पडद्यावर मात्र हा इंचाचा हिशेब लागूच नाही. तरी अजून लोक सांगत फिरतात, 'वेबसाठी ७२ डीपीआय (म्हणजे इंचाला ७२ ठिपके) करा.' १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते, तिथून हा आकडा जो चिकटला तो सुटेना. फाइलीत ७२ लिहा नाहीतर ३०० लिहा, ब्राउझरमध्ये १२०० ठिपके ते १२०० ठिपकेच. ताई, तुमच्या टिपणात डीपीआय असेल तर सरळ खोडा.

तलावपाळी

होतं. खोडलं. 😊

मग माप, वजन आणि छपाईचं माप असे तीन वेगळे शब्द झाले. पण क्रियापद? 'माप कमी करा' अगदी सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. 'लहान करा' लिहू का?

इरकल

मी नेरूळहून साड्या विकते, घरूनच. आमच्या भाषेत कापड आटतं. तसा फोटो 'आटवा' म्हणा की. दूध आटवतो तेव्हा पाणी जातं, दूध राहतं.

अर्धविराम

आटवलेलं दूध जास्त दाट होतं, तुमचा फोटो मात्र काहीतरी गमावतो. मला नाही पटत. 'लहान करा' हेच बरं.

खाडीकाठ

काय गमावतो ते सांगतो, कारण 'शार्प'चं उत्तर तिथेच आहे. मोबाइलचा ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. १२०० बाय ९०० केला की १० लाख ८० हजार. म्हणजे साधारण ११ ठिपक्यांच्या जागी एक. तो एक कसा ठरवायचा याच्या पद्धती आहेत. सगळ्यात आळशी पद्धत म्हणजे जवळचा एक उचलायचा, बाकीचे टाकून द्यायचे. त्याने तिरक्या रेषांना दाते पडतात. हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीत काढलेल्या रोहित पक्ष्यांचा फोटो मी असा लहान केला होता, तर बिचाऱ्यांचे पाय मधेच तुटले. बरी पद्धत आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी काढते, जवळच्याला जास्त महत्त्व देऊन. बायक्युबिक, लँक्झॉस ही नावं मेनूत दिसतात ती याचीच. मात्र सरासरी आली की कडा थोड्या मऊ पडतात.

अर्धविराम

विषयांतर: रोहित की अग्निपंख?

खाडीकाठ

आमच्या पक्षीवाल्यांत दोन्ही चालतं. २०१५ मध्ये ठाणे खाडीचं अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं, तेव्हापासून नवी मुंबईत सगळे 'फ्लेमिंगो'च म्हणतात. मी हट्टाने रोहित म्हणतो.

इरकल

दात्यांना आमच्याकडे शब्द तयार आहे, करवतकाठी! साडीच्या काठाला करवतीसारखे दाते असतात ना, तसं.

माझाही एक त्रास विचारते. बारीक चौकडीच्या साडीचा फोटो लहान केला की त्यावर कसल्यातरी लाटा दिसतात, ज्या साडीत नाहीतच. गिऱ्हाईक विचारतं, "ही धूपछाव आहे का हो?" याला धूपछावच म्हणावं का?

जुना कंपोझिटर

नको, धूपछाव हा वेगळा आणि खरा शब्द आहे. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, म्हणून कापड हललं की रंग बदलतो. तुमच्या लाटा म्हणजे दोन जाळ्या एकमेकींवर पडल्यावर होणारा घोळ. एक जाळी चौकडीची, दुसरी ठिपक्यांची. छापखान्यात आम्ही याला मॉइरे म्हणायचो. चार रंगांच्या जाळ्यांचे कोन चुकले की हमखास यायचा. गंमत बघा, तो फ्रेंच शब्द मुळात कापडाचाच, पाण्याच्या लहरीसारखी झाक असलेल्या रेशमाचा. तेव्हा 'लहरी' म्हणा. आणि लहान करण्याआधी फोटो अगदी किंचित अंधुक करून बघा, लहरी पुष्कळ कमी होतील.

इरकल

अंधुक करू? गिऱ्हाइकाला साडी स्पष्ट दिसावी म्हणून एवढा खटाटोप आणि तुम्ही अंधुक करायला सांगताय!

जुना कंपोझिटर

आधी अंधुक, मग लहान, मग पुन्हा कडा काढायच्या. करून बघा आणि मग शिव्या द्या.

तलावपाळी

आता 'शार्प'. मी गटात विचारलं, तर उत्तरं आली: स्पष्ट, ठसठशीत, रेखीव, क्लिअर, झकास.

अर्धविराम

'शार्प' आपण मराठीत कुठे कुठे वापरतो बघा. शार्प पाचला ये, म्हणजे ठीक पाचला. मुलगी शार्प आहे, म्हणजे तल्लख. नाक शार्प आहे, म्हणजे तरतरीत. एका शब्दाला एकच प्रतिशब्द शोधायला गेलात की विळी-कोयता हातात येतो.

फोटोसाठी उलट बाजूने जावं, असं माझं मत. म्हणजे बिघडलेल्या फोटोला आपण काय म्हणतो ते पाहा. तिथे मराठी श्रीमंत आहे आणि प्रत्येक शब्दाचा रोग वेगळा आहे. हललेला: हात किंवा वस्तू हलली. अंधुक: फोकस चुकला. धूसर: हवेत धूळ-धुकं, रंगांत जीव नाही. पुसट: शाई किंवा रंग उडालेला, जुन्या लग्नाच्या अल्बममधला. फुटलेला: लहानाचा मोठा केलेला, फ्लेक्सवर दिसतो तसा. हे पाचही मराठी माणूस न अडखळता वापरतो, आणि यातला एकही लहान केल्याने येणाऱ्या दोषाला लागू पडत नाही. लहान केलेला फोटो हललेला नसतो, धूसर नसतो, फुटलेला तर नसतोच. त्याच्या कडांतला कडकपणा तेवढा गेलेला असतो.

तलावपाळी

सादळलेला!

अर्धविराम

काय?

तलावपाळी

चकली सादळते तसा फोटो सादळतो. आहे तीच चकली, आकार तोच, चव तीच, फक्त कुरकुरीतपणा गेला. आमच्या गटात हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. पावसाळ्यात ठाण्यात डबा उघडा राहिला की काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे.

अर्धविराम

कोशात बसणार नाही. पण मला हेवा वाटला, हे कबूल करतो.

खाडीकाठ

चालेल! मग उपाय 'शार्प करणे', त्याला मात्र 'कुरकुरीत करणे' म्हणू नका. तिथे जुना चित्रकारांचा शब्द आहे, उठाव. कारण शार्पनिंगने नवीन बारकावा येत नाही. कडेच्या एका बाजूचा ठिपका थोडा काळा होतो, दुसऱ्या बाजूचा थोडा पांढरा होतो, आणि डोळा फसतो. म्हणजे कडांना उठाव देणे. मेनूत त्याचं नाव 'अनशार्प मास्क' असं असतं आणि ते वाचून प्रत्येकजण दचकतो.

जुना कंपोझिटर

ते डार्करूममधून आलंय. निगेटिव्हवरून मुद्दाम अंधुक पॉझिटिव्ह काढायचा, तो निगेटिव्हला जोडायचा आणि दोन्हींतून मिळून छापायचं. अंधुक प्रतीमुळे मोठे उजेड-अंधार दबतात, कडा तेवढ्या उठून येतात. अंधुक मास्क वापरतो म्हणून नाव अनशार्प. संगणकही तेच करतो: फोटोची अंधुक प्रत काढतो, मूळ फोटोतून ती वजा करतो आणि उरलेला फरक मूळ फोटोत पुन्हा मिळवतो.

खाडीकाठ

आणि उठाव नेहमी शेवटी, लहान करून झाल्यावर. मी एकदा उलट केलं. मोठ्या फोटोला भरपूर उठाव दिला, मग लहान केला, मऊ वाटला म्हणून परत उठाव दिला. प्रत्येक रोहिताभोवती पांढरी किनार आली, जणू कात्रीने कापून आकाशावर चिकटवलेत. लहान फोटोला त्रिज्येचा आकडा (उठाव कडेपासून किती लांब पसरायचा तो) अर्ध्या ठिपक्याच्या आसपास पुरतो. किनार दिसायला लागली की मागे फिरायचं.

बरं, मूळ फोटो घ्यायचा तोही थेट मोबाइलमधला. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो वाटेतच लहान आणि हलका होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. आणि जेपेग उघडून परत परत सेव्ह करू नका, दर वेळी थोडं झिजतं.

तलावपाळी

सगळ्यांचे आभार. नवीन टिपण असं केलंय:

'व्हॉट्सॲपवर फिरून आलेला फोटो घेऊ नये, मोबाइलमधला मूळ फोटो घ्यावा. नको असलेला भाग कापावा. आकार तोच ठेवून (साखळीचं चिन्ह जोडलेलं आहे ना, बघावं) फोटो रुंदीला १२०० ठिपके एवढा लहान करावा. फोटो सादळल्यासारखा वाटला तर कडांना थोडा उठाव द्यावा. पांढरी किनार दिसली तर उठाव कमी करावा. सेव्ह करताना दर्जा ८०च्या आसपास ठेवावा. वजन तरीही जास्त भरलं तर दर्जा थोडा उतरवावा, माप बदलू नये.'

काकूंना पहिल्यांदा पाठवलं. पापड गोल आले आहेत. बरणी अजून थोडी वाकडी आहे, पण ती म्हणे तशीच आहे.

अर्धविराम

'पहिल्यांदा' नव्हे, 'आधी'. बाकी टिपण उत्तम.

इरकल

'कडांना उठाव' वाचून आमच्या मुलाने विचारलं, कुठला कडा? तो दर रविवारी येऊरला नाहीतर सह्याद्रीत कुठेतरी भटकत असतो.

अर्धविराम

ती कड, त्या कडा. तो कडा, ते कडे. 'कडांना' म्हटल्यावर कडच. डोंगराचा असता तर 'कड्यांना' झाला असता. मुलाला सांगा.

इरकल

सांगितलं. म्हणतो, मग 'काठ' का नाही लिहीत?

अर्धविराम

साड्या विकणाऱ्या आईच्या मुलाने हे विचारावं! काठाला रुंदी असते.