मदत हवी आहे: घाटात पिकअपचं इंजिन टिणटिणतंय

नमस्कार मंडळी, माझी जुनी पेट्रोल पिकअप आहे, कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवाली. बेळगावातनं भाजी घेऊन गोव्याला जातो, येताना नारळ भरतो. जाताना काही नाही, पण परत येताना लोडवर चोरला घाट चढायला लागलं की इंजिनातनं डब्यात खिळे हलवल्यासारखा टिणटिण आवाज येतोय, ॲक्सिलेटर जरा सोडला किंवा गिअर खाली टाकला की लगेच बंद. आयडलला अगदी शांत हो.

खानापुरातल्या मिस्त्रीनं टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून दिले, पैसे गेले, आवाज आहे तिथंच. मला टॅपेटचं वाटतच नव्हतं, टॅपेट असतं तर आयडललाही वाजलं असतं की. काल प्लग काढून बघितले, चारपैकी तीन तांबूस आणि चौथा पांढराफटक, टोकावर बारीक चकाकणारे दाणे. म्हणजे त्या सिलिंडरला मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) जातंय का? मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरकडनं सिलिंडरला जाणाऱ्या नळ्यांच्या) गास्केटमधनं हवा ओढत असेल काय? इ20 (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळं जुना कार्बोरेटर अजून लीन चालतो हेही खरंच, पण मग एकच प्लग पांढरा कसा?

प्लगची ठिणगी कधी पडते ते दाखवणारा टायमिंग लाइट कुणाकडं नाही, सगळे कानानंच टायमिंग लावतात. अंदाजानं दोन डिग्री रिटार्ड केलं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा, आवाज कमी आला पण गाडीचा दम गेला, जांबोटीच्या चढालाच सेकंड मागते.

आधी गास्केट बघू, की हेड खोलून आत साचलेला कार्बन काढू? हेड खोललं की चार दिवस धंदा बंद, म्हणून विचारतोय. कुणी अनुभवी असेल तर सांगा बघू.