फाडलेली चिठ्ठी नोंदवहीत कशी येणार?

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की वैमानिकांच्या मेडिकलच्या नोंदी एका जागी असत्या तर जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीचा अपघात टळला असता. मला नाही तसं वाटत.

२४ मार्च २०१५ ला सहवैमानिकाने ते विमान आल्प्समध्ये मुद्दाम आदळवलं, १५० माणसं गेली. त्याचं जुनं नैराश्य तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक होतं. २००९ मध्ये वैद्यकीय प्रमाणपत्र परत मिळालं तेच मुळी तशा शेऱ्यासह. दडलं होतं ते शेवटच्या काही महिन्यांतलं. तो खासगी डॉक्टरांचे उंबरे झिजवत होता. कामावर जाऊ नये म्हणून दिलेली चिठ्ठी त्याच्या घरी फाडलेली सापडली. कंपनीला यातलं काहीच कळलं नाही, कारण रुग्णाचं गुपित फोडलं तर जर्मनीत डॉक्टरवरच गुन्हा दाखल होऊ शकतो.

युरोपने २०१९ मध्ये सामायिक नोंदवहीचा नियम केला खरा. पण तिच्यात प्रमाणपत्रासाठी अर्ज कुणी केला, निकाल काय, एवढंच. आजाराचं निदान, औषधं यातलं काही नाही. एका देशात नापास झालेल्याने दुसरीकडे गुपचूप पास होऊन येऊ नये, एवढ्यापुरती ती उत्तम.

आणि उद्या सगळंच तिथे जायला लागलं तर वैमानिक डॉक्टरची पायरीच चढणार नाहीत! लायसन्स गेलं की पगार गेला, वर ट्रेनिंगचं कर्ज. त्या सहवैमानिकाच्याही डोक्यावर ते कर्ज होतंच, आणि लायसन्स गेल्यास उत्पन्न भरून देणारा वेगळा विमा नव्हता. फ्रेंच तपास अहवालानेही या पैशाच्या धास्तीवर बोट ठेवलंय. चर्चेत मात्र त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही.