बारावीच्या पोराची धडधड: अश्वगंधा की चालणं?

प्रश्न: भाचा, वय १७. रात्री दोनपर्यंत जागा, छातीत धडधड. सर्ट्रालिन (चिंता-नैराश्यावरची गोळी) चालू आहे. जोडीला अश्वगंधा द्यावी का?

उत्तर १: मनानं नको. गुंगी वाढते, थायरॉइड बिघडू शकतो, क्वचित यकृतही. सेंट जॉन्स वर्ट (नैराश्यावर घेतात ती वनस्पती) तर सर्ट्रालिनसोबत अजिबात नाही. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

उत्तर २: चालणं घ्या. सोलापूरचं ऊन बघता सकाळी सहालाच, सिद्धेश्वर तळ्याकाठी. बोलता येईल पण गाता येणार नाही असा वेग. सुरुवात १० मिनिटं, मग ३०, आठवड्यात ५ दिवस. पहिल्याच दिवशी तासभर पिदडलं की तिसऱ्या दिवशी पोरगं अंथरूण सोडत नाही.

उत्तर ३: दुपारनंतर चहा बंद. श्वास ४ आकडे आत, ६ बाहेर, ५ मिनिटं. भस्त्रिका (जोरजोरात श्वासाचा प्राणायाम) नको, धडधड वाढते. गोळी परस्पर थांबवू नका. मरणाची भाषा आली तर एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, चोवीस तास.