वर्दी सुटल्यावर पुन्हा परतण्याची धडपड : अनुभव धागा

लष्करातून मनाविरुद्ध बाहेर पडावे लागलेल्या आणि परतण्यासाठी झटलेल्या जवानांनी व त्यांच्या घरच्यांनी येथे अवश्य लिहावे. डिस्चार्ज बुकातील, म्हणजे सेवा सुटताना मिळणाऱ्या पुस्तिकेतील, 'कॅरेक्टर'च्या (वर्तणुकीच्या शेऱ्याच्या) रकान्यात काय लिहिले आहे, यावर पुढचे किती काही अवलंबून असते, हे गावी सहसा कोणी समजावून सांगत नाही.

माजी शिपाई, सातारा जिल्हा

माझ्या नावावर लाल शाईच्या, म्हणजे शिक्षेच्या, चार नोंदी होत्या आणि त्यांतील बहुतेक रजा संपूनही वेळेवर हजर न झाल्याच्या होत्या. आईचे उपचार कऱ्हाडला चालू होते, पण त्याचा उल्लेख माझ्या कोणत्याही कागदावर आला नाही. निवृत्तिवेतनाला लागणारी १५ वर्षे भरत आली असताना कारणे दाखवा नोटीस आली आणि मला घरी पाठवण्यात आले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने असेच काढले गेलेले जवान वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात स्पष्ट केले, की चार नोंदी झाल्या एवढ्यावरून जवानाला काढता येत नाही. आधी प्राथमिक चौकशी व्हायला हवी आणि त्याची एकूण सेवा, खडतर ठिकाणच्या नेमणुका यांचाही विचार व्हायला हवा. हाच आधार घेऊन मी सैनिकांच्या सेवेविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे गेलो. निकाल माझ्या बाजूने लागला, तरी पलटणीत जाता आले नाही : पात्रतेची वर्षे पूर्ण झाली असे मानून निवृत्तिवेतन सुरू झाले, मधल्या काळाचा पगार मात्र मिळाला नाही. पैशापेक्षा कपाळावरचा डाग पुसला गेला, याचे मोल मला अधिक वाटते.

जवानाची पत्नी, गडहिंग्लज

मुलाच्या आजारपणामुळे ह्यांनी स्वतःहून अर्ज करून नोकरी सोडली. मूल सावरल्यावर ह्यांना घरी चैन पडेना, म्हणून डीएससीत, म्हणजे माजी सैनिकांना पुन्हा घेणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, प्रयत्न केला. कॅरेक्टर चांगले होते, वैद्यकीय तपासणीही पार पडली आणि केरळातील कण्णूरच्या केंद्रात बोलावणे आले. हवालदार म्हणून सुटलेला माणूस तिथे पुन्हा शिपाई झाला. दंडावरच्या तीन फिती मी स्वतः उसवून काढल्या, तेव्हा ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त रडू आले.

रिक्रूटचा थोरला भाऊ, जालना

प्रशिक्षणातूनच माझ्या भावाला 'सक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही' असे लिहून परत पाठवले. दाद कुठे मागायची हे कळेपर्यंत त्याचे भरतीचे वयही उलटले. न्यायाधिकरणाकडे अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते. ज्यांच्या हाती नुकताच असा कागद पडला आहे, त्यांनी याच आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करावी.