मदत हवी आहे: बाबांच्या अन्ननलिकेत मेलेनोमा? एकाच तुकड्याचे दोन रिपोर्ट (नागपूर)

नमस्कार. बाबा सत्तरीला आलेत. बिडी-तंबाखू कधीच नाही. दिवाळीनंतर घास अडकायला लागला. आधी भाकर, मग पोळी. आता वरणात भात पातळ कालवून दिला तरी घासागणिक पाण्याचा घोट लागतो. वजनही बरंच उतरलंय. धंतोलीत दुर्बीण टाकली तर अन्ननलिकेच्या खालच्या भागात गाठ निघाली, रंगाने अगदी पिकल्या जांभळासारखी. आजूबाजूच्या अस्तरावरही काळे ठिपके आहेत.

तुकड्याचा पहिला रिपोर्ट 'पुअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा' (अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, पण पेशी ओळखू न येण्याइतक्या बदललेल्या) असा आला. त्यावरून किमो आणि रेडिएशन ठरलं. पण दुर्बीण टाकणाऱ्या डॉक्टरांना तो काळा रंग खटकत होता. त्यांनी तीच स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवली. त्यांचं म्हणणं: पेशींत तपकिरी रंगद्रव्य आहे, मेलेनोमा (रंगपेशींचा कॅन्सर) असू शकतो, आयएचसी करा (तुकड्यावर खास रंग टाकून पेशी कुठल्या ते ओळखायची तपासणी).

मेलेनोमा कातडीला होतो एवढंच ऐकून होतो. वाचल्यावर कळलं की अन्ननलिकेच्या सगळ्या कॅन्सरांत याचं प्रमाण जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आहे. काका म्हणतात वेळ दवडू नका, ठरलेली किमो सुरू करा. मला वाटतं रोगाचं नाव पक्कं झाल्याशिवाय औषध नको. थांबलो तर धोका आहे का? आयएचसीत कोणते मार्कर (पेशींची ओळख पटवणारी प्रथिनं) करायला सांगू? आणि गाठ तिथलीच आहे की दुसरीकडून आलेली, हे कसं ठरतं?

प्रतिसाद (मी पॅथॉलॉजीत काम करते):

दादा, आयएचसीपुरतं थांबणं योग्यच आहे. कार्सिनोमाची किमो आणि रेडिएशन मेलेनोमावर तितकं चालत नाही. मेलेनोमा पसरलेला नसेल तर ऑपरेशनचा विचार होतो, पसरला असेल तर इम्युनोथेरपीचा. रस्ताच वेगळा आहे.

पहिल्या लॅबकडून मेणाचा ब्लॉक (ज्या मेणात बाबांचा तुकडा जपून ठेवलाय तो) मागून घ्या, नुसती रंगवलेली स्लाइड पुरत नाही. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी ताडून बघा. एस-१००, एचएमबी-४५, मेलान-ए, सॉक्स-१० आणि सायटोकेराटिन करायला सांगा. पहिले चार पॉझिटिव्ह आणि सायटोकेराटिन निगेटिव्ह आलं तर मेलेनोमा. पुढे सी-किट आणि बीआरएएफ या जनुकांच्या तपासणीसाठीही तोच ब्लॉक लागेल, तेव्हा तो जपून वापरायला सांगा. पहिल्या रिपोर्टवर फार राग धरू नका. रंगद्रव्य कमी असलं की हा आजार कार्सिनोमासारखाच दिसतो.

गाठ तिथलीच का? निरोगी माणसांतही ४ ते ८ टक्के लोकांच्या अन्ननलिकेत रंगपेशी असतात, त्यामुळे तिथे सुरुवात होऊ शकते. गाठीलगतच्या अस्तराच्या तळाच्या थरात विकृत रंगपेशी सापडल्या तर तो मोठा पुरावा. तुम्ही सांगता त्या काळ्या ठिपक्यांचाही तुकडा घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण दुसरीकडची गाठ नाही हेही बघावंच लागतं: पेट-सीटी, मेंदूचा एमआरआय, डोळ्यांचा पडदा, गुदद्वार आणि सगळी त्वचा. आपल्या लोकांत मेलेनोमा बऱ्याचदा तळपाय नाहीतर नखाखाली असतो आणि तिथे कुणी बघत नाही. पूर्वी एखादा तीळ काढला होता का, तेही विचारा. जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट जवळ आहे. दुसरं मत टाटाकडूनही घेता येईल. आणि आहारतज्ज्ञांना आजच गाठा, वजन असंच उतरत राहिलं तर ऑपरेशन झेपणार नाही.

धागाकर्ता:

ताई, खूप आभार. ब्लॉक उद्याच मागतो. तीळ काढल्याचं बाबांना आठवत नाही. पण उजव्या अंगठ्याच्या नखात काळी उभी रेघ आहे, बरीच जुनी. ती दाखवायची का?

प्रतिसाद:

दाखवाच. अशा रेघा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण रुंदी वाढली असेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर तिथलाही तुकडा घेतात. आज उजेडात फोटो काढून ठेवा.