बिग फिनिशची ऑडिओ नाटकं: कोण बोलतंय तेच कळत नाही, कुठून सुरू करू?

केळीचा_घड (रावेर)
२००५ नंतरची 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा-मालिका बघून झालीय. त्याच मालिकेवर ऑडिओ नाटकं काढणाऱ्या बिग फिनिश या ब्रिटिश कंपनीचं एक नाटक घेतलं, तर दहाव्या मिनिटाला गोंधळ. चार जण एकदम बोलतात, मागे इंजिनाची घरघर, कोण कुठं उभं आहे पत्ताच नाही. रात्री कूलर चालू, म्हणून वायरचा हेडफोन एकाच कानात. गाडीत पेनड्राइव्ह लावला की भाग १ नंतर भाग १० वाजतो. पहिली गोष्ट कोणती घ्यावी, आणि फोनमध्ये काय बदलावं?

तापीचं_पाणी
भो, अर्धा घोळ त्या एका कानाचा आहे. ही नाटकं स्टिरिओत असतात. एक पात्र डावीकडे, दुसरं उजवीकडे, दार मागे वाजतं. एकच बाजू ऐकली की पलीकडचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा येतो, कधी जवळजवळ गायबच. दोन्ही कान वापरता येत नसतील तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू कर. दोन्ही बाजू एका कानात येतील. कोण कुठं उभं आहे ते मात्र त्यात जातंच. (काही वायरलेस बड्स दुसरा डबीत ठेवला की हे आपोआप करतात.)

कूलरचा आवाज झाकायला व्हॉल्यूम वाढवत बसू नकोस, कारण कुजबुज ऐकू येईपर्यंत वाढवलास की पुढच्या स्फोटाला कान फुटतील. रबरी टोपीचे इअरफोन घे. टोपी कानात घट्ट बसली पाहिजे, सैल राहिली तर कूलर आत शिरतोच. इक्वलायझरमध्ये 'बास बूस्ट' बंद कर आणि २ ते ४ किलोहर्ट्झची पट्टी जरा वर ने, शब्दांची व्यंजनं तिथेच असतात. डालेकांसाठी (मालिकेतले यंत्रासारखे बोलणारे खलनायक) तर हे हवंच. त्यांचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून काढतात, नटाचा आवाज सेकंदाला ३० वेळा थरथरवतात. त्यावर बास चढवला की नुसती खरखर उरते.

श्रुतिकाप्रेमी
फोनचं झालं, आता ऐकण्याचं. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकून कान तयार झालेल्यांना हे लगेच जमतं, बाकीच्यांनी पहिली पाच-सात मिनिटं दोनदा ऐकावीत. लेखक त्यातच पात्रांच्या तोंडून एकमेकांची नावं वदवून घेतात, ती पकडली की पुढचं सोपं. मग खोलीचा आवाज ऐका. बोगद्यात घुमतो, बागेत पसरतो, छोट्या केबिनमध्ये कोरडा येतो. टार्डिसची, म्हणजे डॉक्टरच्या यानाची, ती घुसमटलेली घरघर आली की जागा बदलली समजा. १९६३ साली बीबीसीच्या ब्रायन हॉजसननं पियानोच्या तारेवर किल्ली घासून तो आवाज काढला, अजून तोच चालतो.

वेग १.२५ वर नेऊ नका. पॉडकास्टला चालतं, इथे लांबलेली शांतता हाही संवादच असतो.

कापूस_एकोणीसशे
कुठून सुरू करायचं तर 'स्टॉर्म वॉर्निंग', २००१. नट बदलला की डॉक्टरचा क्रमांक बदलतो; यातला डॉक्टर क्रमांक आठ, नट पॉल मॅकगन. पडद्यावर त्याच्या वाट्याला १९९६चा एक टीव्ही-चित्रपट आणि २०१३चा एक छोटा भाग यापलीकडे फारसं काही आलं नाही, म्हणून त्याची खरी कारकीर्द ऑडिओतच घडली. मागचं माहीत नसलं तरी अडत नाही. गोष्ट आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजावर (विमान नव्हे, वायूनं भरलेला मोठा फुगा) घडते. ते जहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये खरोखर कोसळलं होतं. जहाजात चोरून चढलेली चार्ली पोलार्ड इतिहासाप्रमाणे मरायला हवी, डॉक्टर तिला वाचवतो. पुढच्या दोन वर्षांच्या गोष्टी या एका चुकीवर उभ्या आहेत.

त्यानंतर रॉबर्ट शिअरमनचं 'द चाइम्स ऑफ मिडनाइट' (२००२). मधलं एकही नाही ऐकलं तरी चालेल, पण चार्ली कशी आली ते माहीत पाहिजे. नाहीतर शेवटाचा घाव लागत नाही.

याच मालिकेतल्या पुढच्या 'झॅग्रेअस'ला मात्र आत्ता हात लावू नका. तीन सीडींचा ऐवज आणि मागचे सगळे संदर्भ. खापरावरचा मांडा येण्याआधी चूल तापावी लागते.

तापीचं_पाणी
अर्धवट पटलं. ज्याला कोण बोलतंय हेच कळत नाही त्याच्या हातात इतक्या पात्रांचं जहाज कशाला? आधी बिग फिनिशचंच 'कम्पॅनियन क्रॉनिकल्स' घे. ही मालिका २००७ला सुरू झाली. बहुतेक गोष्टींत डॉक्टरचा एक जुना सोबती आठवण सांगतो आणि सोबत एखादा दुसरा आवाज. कान तयार होतो. किंवा बीबीसीचे जुने ध्वनिपट: 'डॉक्टर हू'च्या साठच्या दशकातल्या बऱ्याच भागांचं चित्र हरवलं, पण प्रेक्षकांनी घरी टेप केल्यामुळे आवाज सगळ्यांचा उरला. त्यावर निवेदन चढवून ते विकायला आले. कोण आत आलं, हातात काय आहे, सगळं निवेदक सांगतो.

कापूस_एकोणीसशे
निवेदकाची सवय लागली की पूर्ण नाटक जड जातं, भो. पण ठीक आहे, एक-दोन ऐका आणि सोडा.

पेनड्राइव्ह_मास्तर
गाडीचं राहिलंच. दोन वेगळे दोष आहेत. १ नंतर १० वाजतो तो नावाचा दोष: ०१, ०२ असं शून्य लावून नावं द्या. तरीही क्रम चुकला तर तुमचा स्टिरिओ नाव बघतच नाही, पेनड्राइव्हवर फाइली ज्या क्रमानं उतरल्या त्या क्रमानं वाजवतो. एखादी फाइल काढून परत टाकून उपयोग नाही, ती रिकाम्या जागेत कुठेही बसते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि एक-एक फाइल क्रमानं उतरवा. सगळ्या एकदम निवडून ओढू नका.

डाउनलोड करताना एम४बी आणि एमपी३ असे पर्याय दिसले तर फोनसाठी एम४बी (प्रकरणं पाडलेली असतात, एकच फाइल), गाडीसाठी एमपी३. जुने स्टिरिओ एम४बी ओळखत नाहीत. दोन तासांची गोष्ट १२८ केबीपीएसला साधारण ११५ एमबी होते, ३२०ला २९० च्या आसपास. बोलण्यासाठी १२८ पुरतं.

जुन्या गोष्टी बहुधा चार भागांच्या, भाग सरासरी २५ मिनिटांचा. भुसावळ-जळगाव गाडीत एक भाग बसतो, धुळ्याच्या एसटीत अख्खी गोष्ट.

केळीचा_घड (रावेर)
मोनो चालू केलं, पलीकडचा माणूस सापडला. 'स्टॉर्म वॉर्निंग' घेतोय. पेनड्राइव्हला उद्या हात लावतो, आत्ता लाइट गेलीय आणि कूलरही बंद, म्हणजे ऐकायला हीच वेळ बरी.