मदत हवी आहे - आइस हॉकी प्लेयर्सचे खरे किस्से

नमस्कार मंडळी, आम्ही टोरांटोजवळ राहतो, लेकीला शाळेत हॉकीपटूवर पाच मिनिटं बोलायचंय आणि मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, आपण क्रिकेटवाले! तिने विली ओ'री निवडलाय. १९५८ मध्ये बॉस्टन ब्रुइन्सकडून खेळलेला एनएचएलमधला (म्हणजे इकडची सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पण मला जास्त भिडलं ते हे की त्याआधीच पक (हॉकीतली कडक रबरी चकती) लागून त्याचा उजवा डोळा जवळपास गेला होता आणि पठ्ठ्याने ते टीमला कळूच दिलं नाही, खेळायचा लेफ्ट विंगला (डाव्या कडेला), म्हणजे पास यायचा उजवीकडून, मग प्रत्येक वेळी पूर्ण मान वळवून बघायचं!! एनएचएलच्या मॅचेस फक्त ४५, तरी २०२२ मध्ये ब्रुइन्सनी त्याचा २२ नंबर रिटायर केला, म्हणजे आता तो नंबर टीममध्ये दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

आता टीचर म्हणतायत अजून एक-दोन प्लेयर्स जोड. चेक खेळाडू यारोमिर यागरचं माहितीये, १९६८ ला रशियन रणगाडे चेकोस्लोवाकियात घुसले म्हणून त्याने जर्सीवर ६८ नंबर घेतला. असे अजून किस्से कुणाला माहितीयेत का, शक्यतो एखाद्या बाईचा? रक्तबंबाळ नको प्लीज, पोरगी ११ वर्षांची आहे. शुक्रवारपर्यंत हवंय.